‘माजी गुन्हेगार’ला दुसरा शब्द सुचवा

घणसोलीकर: आमच्या हरिपाठ मंडळाची नियमावली मराठीत लिहितोय. शिक्षा भोगून घरी आलेला एक जण पुन्हा पखवाजावर बसायचं म्हणतो. वकिलांच्या मसुद्यात ‘एक्स-ऑफेंडर’ आहे. मी ‘माजी गुन्हेगार’ लिहिलं, तर बुवा म्हणाले, माजी आमदार असतो, गुन्हेगार कसा माजी होईल?

कोपरीचा वाचक: बुवांचं बरोबर. ‘माजी’ पदाला लागतं. शिवाय ‘गुन्हा’ फारसी. ‘अपराधी’ म्हणा.

सानपाडा७: मग ‘कैदी’ही काढा, तो अरबी. ‘तुरुंग’ही काढा, तो पोर्तुगीज ‘त्रोंको’वरून आलाय, ठाण्याचा तुरुंग तर पोर्तुगीजांनीच बांधायला घेतलेल्या किल्ल्यात आहे. कारागृहाच्या कागदांत ‘बंदी’ असतं. खटला चालू असेल तो न्यायाधीन बंदी, दोष सिद्ध झालेला सिद्धदोष बंदी. हा फरक नियमावलीत हवाच. ‘आत जाऊन आला’ म्हटलं की सगळे एका माळेचे मणी होतात आणि आत असलेल्यांत बहुसंख्य कच्चे कैदीच असतात.

कोपरीचा वाचक: ‘त्रोंको’ पटत नाही. आमचे गुरुजी सांगायचे, तुरंग म्हणजे घोडा. पागेत कोंडत, म्हणून तुरुंग.

सानपाडा७: त्रोंको म्हणजे झाडाचं खोड. त्यात पाय अडकवत. आपल्याकडेही खोडावरूनच ‘खोडा’ झाला.

कळवा पूर्व: आमच्या चाळीत एकाला शिक्षा लागली, तेव्हा बायको ‘गावाला गेलेत’ सांगायची. तो सुटला त्या संध्याकाळी अख्ख्या चाळीने ‘गावाहून आलात का?’ असंच विचारलं. कुणी शिकवलं नव्हतं.

बेलापूरची ताई: दादा, चाळीची माया कळते, पण त्या शब्दात गुन्हा लपतो. मारामारीत आत गेलेला आणि पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली, शिक्षा झालेला, दोघांना एकच शब्द मला चालणार नाही. मी बालसंस्कार वर्ग घेते. हरिपाठ संपला की मुलं टाळ गोळा करून मागच्या खोलीत ठेवायला जातात. मोठी माणसं तोवर चपला शोधत असतात. त्या खोलीत मुलांबरोबर कोण जाणार, त्यांना घरी कोण सोडणार, हे आधी लिहा. मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थांनी आपल्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करावी, असं पोक्सोच्या २०२० च्या नियमांत आहे. आपलं भजनी मंडळ, आपल्याला काय लागू, म्हणून हात झटकू नका.

घणसोलीकर: ताई, याचा गुन्हा मारामारीचाच. पण नियम सगळ्यांसाठी करायचाय.

बेलापूरची ताई: मग याला वाजवू द्या की! मुलांवर अत्याचार केलेल्याने मात्र देवळात यावं ते मुलं नसतील तेव्हाच, तेही कुणीतरी सोबत घेऊन. पांडुरंग पतितपावन आहे, पण मुलांवर लक्ष आपणच ठेवायचं.

कळवा पूर्व: ‘मुक्त बंदी’ चालेल? सन्मानाचा वाटतो.

दिव्याचा विमुक्त: सन्मानाच्या शब्दाचं काय होतं ते आमच्याकडे बघा. १८७१ पासूनच्या कायद्यांनी अख्ख्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का काढला आणि ‘विमुक्त’ म्हटलं. आजही चोरी झाली की संशय पहिला आमच्या वस्तीवर. म्हणून नावच नको. ‘अमुक कलमाखालची शिक्षा पूर्ण केलेली व्यक्ती’ असं लांबलचक लिहा. एवढ्या लांब नावाने कुणी कुणाला हाक मारत नाही.

घणसोलीकर: हे बुवांना वाचून दाखवतो. ‘पूर्ण केलेली’ की ‘भोगलेली’?

कोपरीचा वाचक: ‘भोगलेली’च. शिक्षा म्हणजे मुळात शिकवण, ती कधी पूर्ण होत नाही.

सानपाडा७: ते संस्कृतात. मराठीत शिक्षा भोगतात आणि शिक्षण पूर्ण करतात. आणि त्या घोड्याला आधार काय, तेवढं सांगा.