आकडा गुणांचा, डॉलरचा नव्हे

महिला टेनिसमधली 'डब्ल्यू ३५ म्हणजे पस्तीस हजार डॉलरची स्पर्धा' असं कुणीतरी लिहिलंय. तसं नाही. २०२४पासून आयटीएफनं, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघानं, या स्पर्धांची नावं बदलली. तो आकडा आता विजेतीला मिळणाऱ्या क्रमवारीच्या गुणांचा. डब्ल्यू १५ मध्ये मात्र दोन्ही जुळतात, गुण १५ आणि एकूण बक्षीस १५ हजार डॉलर. पण ते सगळ्यांत वाटायचे! पहिल्या फेरीत हरली तर हॉटेलचं बिलही सुटत नाही, कोच सोबत नेणं तर दूरच.

म्हणून बऱ्याचजणी तुर्कस्तानात अंताल्याला नाहीतर ट्युनिशियात मोनास्तिरला मुक्काम ठोकतात. तिथे आठवड्यामागून आठवडे स्पर्धा चालू असतात, विमानभाडं एकदाच.

आणि एवढं करून मिळवलेले गुण ५२ आठवड्यांनी गळतात. गेल्या वर्षी याच सुमारास जिंकली असेल तर यंदा नुसतं जागेवर राहायलाही तेवढंच जिंकायला हवं. त्यात मनगट दुखावलं तर संपलंच.

आपल्या ऋतुजा भोसलेनं २०२३मध्ये हांगझोऊला बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचं एशियाड सुवर्ण जिंकलं. कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. क्रमवारीसाठी त्याचे गुण? शून्य. पुढे पुन्हा तीच बॅग, तेच विमानतळ.