शब्दचर्चा : गुणाकारातल्या ‘ओव्हरफ्लो’ला काय म्हणावं?

रत्नागिरीकर : पॉलिटेक्निकच्या मुलांसाठी लिनक्स ड्रायव्हरवर (उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रामवर) मराठीत टिपणं काढतोय. ‘किती मेमरी मागायची याच्या गुणाकारात ओव्हरफ्लो होतो’, म्हणजे उत्तर ठरलेल्या बिटांत मावत नाही, इथे अडलोय. ‘ओसंडणे’ चालेल? ‘अतिप्रवाह’ लिहिणार नाही, धरणाच्या परिपत्रकातला वाटतो.

मालवणी माणूस : ओसंडणा नको, दादा. दूध उतू गेला तरी टोप भरलेलो रवता मा? हयसर टोपच रिकामो होता.

देवगडची : अगदी. मिरकरवाड्यातल्या ट्रॉलरवरचा फिशफाइंडर (मासे शोधायचं यंत्र) घ्या. समजा एकेक नोंद 16 बाइटची आणि उपकरण म्हणतंय, 26,84,35,457 नोंदी येताहेत. गुणाकार 4,29,49,67,312. 32 बिटांत मावतात 4,29,49,67,295 पर्यंतच, वरचा बिट गळतो, म्हणून हाती उरतात 16. केमॅलॉक, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात (कर्नेलमध्ये) मेमरी मागायचं फंक्शन, खुशाल 16 बाइट देतं, कुरकुर नाही. मग दुसऱ्या नोंदीपासूनचं लिखाण शेजारच्या मेमरीत. ओसंडतं ते तिथे! शब्द दोन हवेत : गुणाकारात ‘आकडा फिरला’, पुढे बफर (मागून घेतलेली मेमरी) ‘ओसंडला’.

रत्नागिरीकर : झकास. म्हणजे केमॅलॉक-अ‍ॅरेला संख्या आणि माप वेगवेगळं द्यायचं. आकडा फिरत असेल तर ते नल, म्हणजे ‘मेमरी नाही’, परत देतं. केकॅलॉकही तसंच, वर मेमरी शून्य करून देतं. पण स्ट्रक्ट-साइझच्या ‘सॅच्युरेट’चं काय? संपृक्त?

देवगडची : संपृक्त मिठाच्या पाण्याला राहू दे. शेवटी अ‍ॅरे असलेल्या स्ट्रक्टचं (एकत्र बांधलेल्या माहितीचं) माप काढायला 2018 मध्ये, कर्नेल 4.18 मध्ये, स्ट्रक्ट-साइझ आलं. आकडा फिरायची वेळ आली की ते साइझ-टीच्या (मापं ठेवायच्या चल-प्रकाराच्या) कमाल आकड्यावर थांबतं. एवढी मेमरी मिळणंच शक्य नाही, त्यामुळे मागणी फेटाळली जाते. ‘कमाल आकड्याला अडणे’ लिहा.

मालवणी माणूस : अडणा बरा.

गुहागरचा : हल्ली सगळं 64 बिटी. एवढा घोळ कशाला?

देवगडची : गुणायचे दोन्ही आकडे यू-32 (32 बिटी, ऋण नसलेले) असतील तर गुणाकार 32 बिटांतच होतो, भाऊ. फिरलेलं उत्तर नंतर मोठ्या चलात ठेवून काय उपयोग? आणि काका, टिपणात एवढं ठळक टाका : स्ट्रक्ट-साइझचं उत्तर साइझ-टीतच ठेवायचं, इंटमध्ये (लहान पूर्णांक प्रकारात) नाही. त्यात हाताने अधिक 8 करायचे नाहीत. कमाल आकड्यात 8 मिळवले की उत्तर 7. बेरजेला साइझ-अ‍ॅड वापरायचं, ते तिथेच अडून राहतं.