मदत हवी आहे: लाल फुलांचं, शेंगा येणारं रानातलं झुडूप कोणतं?

रानवाट_७: मंडळी, अर्जंट आहे. आंबोली घाट उतरताना रस्त्याकडेला लालभडक फुलांचं झुडूप दिसलं, शेंगांच्या कुळातलंच आहे, बागेतलं नाही, आपल्या रानातलंच. उद्या सकाळी लेकीच्या शाळेत प्रदर्शन आहे, पाटीवर नाव लिहायचंय. ॲपने तीन वेळा तीन नावं दिली. फोटो हललाय म्हणून टाकत नाही. लवकर सांगा प्लीज!

माळरान: पळस बघा.

सह्यवेडा: फोटो नाही, पानांचं काही नाही, काटे आहेत का तेही नाही. सांगायचं कसं? पान पांगाऱ्यासारखं त्रिदळ की चिंचेसारखं बारीक?

वनौषधी_प्रेमी: धायटीच. आयुर्वेदातली आसवं-अरिष्टं आंबवायला हीच फुलं घालतात, मी किती वर्षं गोळा करतोय.

सह्यवेडा: दादा, धायटी मेंदीच्या कुळातली, तिला शेंगा कुठून येणार? पानंही साधी, समोरासमोर.

वनौषधी_प्रेमी: पण यांनी शेंगा बघितल्यात कुठे?

रानवाट_७: बघितल्यात हो, खाली पडलेली एक आणलीये, दोन बियांच्या मधे आवळलेली. पानं गुलमोहरासारखी, तुरा हातभर लांब, फुलं बुडाकडून उमलत जातात, लाल नळी आणि तोंडाशी केशरी पाकळ्या जेमतेम डोकावतात. काटे बाकदार, बाहीत अडकले आणि हात मागे घेतला तर अजून रुतले. शेजारच्या झाडावर चढलंय.

बाल्कनी_बाग: गुलतुरा असेल.

सह्यवेडा: काटे आणि चढणं आधी सांगायचं ना! वाकेरी आहे ही, शास्त्रीय नाव मौलावा स्पिकाटा, खास पश्चिम घाटातली. लाल दिसतात ती निदलं, म्हणजे पाकळ्यांच्या बाहेरचं आवरण, पाकळ्या केशरी. फूल वाटाण्यासारखं नसलं तरी कूळ तेच. गुलतुरा मूळचा अमेरिकेतला, त्याचे पुंकेसर फुलाबाहेर लांब येतात.

माळरान: आमच्याकडे हिला वाघाटी म्हणतात.

वनौषधी_प्रेमी: अहो वाघाटी म्हणजे आषाढी द्वादशीला जिच्या फळांची भाजी करतात ती!

सह्यवेडा: दोघींना तेच नाव आहे. वाकेरीचं जुनं शास्त्रीय नाव वागाटिया, तेही या मराठी नावावरूनच पडलंय. म्हणून पाटीवर वाकेरीच लिहा, खाली मौलावा स्पिकाटा.

रानवाट_७: खूप आभार, लगेच लिहितो. तुरा तोडला नाहीये, गळलेली फुलं आणि ती शेंग एवढंच ठेवणार. मुलांनी हाताळली तर चालेल ना?

सह्यवेडा: हाताळू दे, तोंडात घालू देऊ नका.