मदत हवी आहे: ढोल-ताशा आणि माझा 11 वर्षांचा मुलगा

नमस्कार. मुलगा ऑटिस्टिक आहे, थोडंच बोलतो. आम्ही पुण्यात पेठेत राहतो, म्हणजे गणपतीच्या महिनाभर आधीपासून सराव कानावर. कुकरची शिट्टी तो आता सहन करतो, कारण "तीन होणार" असं आधी सांगते आणि तो बोटं मोजतो. ढोलाचं तसं नाही. कधी सुरू होईल, कधी थांबेल, काहीच कळत नाही. मग तो मनगट चावतो, पलंगाखाली शिरतो. नंतर तासभर गप्प.

कानावरचे मफ आणले, पण डोक्यावरचा दाब पाच मिनिटांत नकोसा होतो. ओटीच्या (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजच्या कामांतून उपचार) ताईंनी जड कामं सांगितली: कणीक मळणं, पाण्याची बादली उचलणं. फरक पडतो, पण आधी केलं तरच. एकदा बिनसलं की काही चालत नाही.

नातेवाईक म्हणतात, लाड आहेत. अहो, 2013 पासून संवेदनांचा हा त्रास ऑटिझमच्या निदानाच्या निकषांतच आहे! असो.

मफ न चालणाऱ्या मुलांसाठी काय वापरता? विसर्जनाला गावाबाहेर जाता का? आणि वयात येताना हे वाढलं का कुणाचं?