शिकवण्यासाठी रुग्णाचं रेकॉर्डिंग: चेहरा झाकला की ओळख लपते का?

तालुक्याची_लेक: गेल्या महिन्यात आईला एका सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत नेलं. अंगावरून पांढरं जातं, हे ती कसंबसं सांगत होती आणि टेबलावर शिकाऊ डॉक्टरचा मोबाइल सुरू होता. मी विचारलं, तर म्हणाले, "शिकवायला लागतं, चेहरा ब्लर करू." आई लगेच "चालेल" म्हणाली. नाही म्हटलं तर नीट तपासणार नाहीत, ही तिची भीती. याला संमती म्हणायचं? माझ्या मते हे बंदच व्हायला हवं.

रेसिडेंट_रात्रपाळी: बंद करायला माझा विरोध आहे. 2019 पासून एमबीबीएसला संवादकौशल्य आलं, पण वर्गात मित्रच पेशंट होतो. मी पेशंटचं बोलणं मध्येच तोडतो, हे मला स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकल्यावर कळलं. ओपीडीच्या गर्दीत सरांना शेजारी बसून ऐकायला सवड कुठे असते? आणि डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या आचारसंहितेतही आहे, की ओळख उघड होणार नसेल तर संमती लागत नाही.

तालुक्याची_लेक: ते कलम नियतकालिकात छापायच्या फोटो आणि केसबद्दल आहे. इथे आईचा आवाज आहे, तिने सांगितलेलं गाव आहे, हातावर गोंदलेलं नाव आहे. आमच्याकडचं एखादं पोर त्या वर्गात असलं तर पहिल्या वाक्याला ओळखेल. ब्लर करून काय उपयोग?

वॉर्डातली_सिस्टर: खरा घोळ स्वतःच्या मोबाइलचा आहे. फोटो-व्हिडिओ आपोआप क्लाउडवर चढतात, फोनमधून पुसले तरी तिथे राहू शकतात. एकदा ग्रुपवर गेलं की संपलंच. ब्रिटनमध्ये जीपी म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या प्रशिक्षणात पेशंटची सही दोनदा घ्यायची पद्धत आहे, तपासणीआधी आणि नंतर. दुसरी सही मला फार महत्त्वाची वाटते. आपण काय काय बोलून गेलो, हे माणसाला नंतरच कळतं.

रेसिडेंट_रात्रपाळी: कॉलेजचाच कॅमेरा आणि दोन सह्या, मान्य. अंगठा लावणाऱ्या पेशंटला मात्र आम्ही विचारू नये, रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांनी विचारावं, ते डॉक्टर नसतात. त्यांना नकार देणं सोपं जाईल. तरी पूर्ण बंदीला माझा नकारच.

तालुक्याची_लेक: असं असतं तर मीही विरोध केला नसता. पण आई रोज विचारते, "त्या पोराच्या फोनात अजून आहे का गं ते?" सोमवारी विभागप्रमुखांना लेखी अर्ज देतेय, पुसून टाका म्हणून.