शब्दचर्चा: फुटीर, विभक्त, स्वतंत्र, स्वायत्त – कुठे कोणता शब्द?

प्रश्न
कॅटालोनिया (स्पेन), क्वीबेक (कॅनडा) आणि स्कॉटलंड (ब्रिटन) इथल्या चळवळींवरच्या एका मोठ्या लेखाचं मराठी भाषांतर तपासायला आलं आहे. त्यात ‘सेसेशन’साठी, म्हणजे एखाद्या प्रदेशाने देशातून बाहेर पडण्यासाठी, कुठे ‘विभाजन’, कुठे ‘विलगीकरण’, तर एके ठिकाणी ‘अलिप्ततावाद’ असा शब्द पडला आहे. चळवळीतले लोक मात्र सरसकट ‘फुटीरतावादी’ झाले आहेत. एकच शब्द ठरवून टाकावा, की जागेप्रमाणे बदलावा? आणि ‘स्वातंत्र्यासाठी जनमत चाचणी’ हे बरोबर आहे का?

एक भाषांतरकार
आधी काढून टाकायचे शब्द सांगते. ‘अलिप्ततावाद’ तर लगेच काढा. तो नेहरू, नासर, टिटो यांच्या परराष्ट्र धोरणासाठी रूढ झालेला शब्द आहे. हिंदीतला ‘अलगाववाद’ घाईत मराठीत आणताना ही चूक होते. ‘विलगीकरण’ २०२० नंतर दवाखान्याचं झालं. ‘विभाजन’ आणि ‘फाळणी’ यांत कापणारा हात वरचा किंवा बाहेरचा असतो: देशाची फाळणी झाली, आंध्र प्रदेशाचं विभाजन झालं. इथे प्रदेश स्वतः निघू पाहतो आहे, म्हणून क्रियापदही तसंच हवं. ‘विभक्त होणे’ हे एकत्र कुटुंबाच्या वाटणीतून आलेलं आहे, सगळ्यांना कळतं आणि त्यात शिवी नाही. नाम हवं असेल तर ‘संघातून बाहेर पडणे’ असं सरळ लिहा. ‘विभक्ततावाद’ जिभेला जड जातो, पण मथळ्यापुरता चालेल.

‘फुटीर’ हा पक्षातून फुटलेल्या आमदारांचा शब्द. ‘फुटीर गट’ म्हटलं की दगाबाजी ऐकू येते. (‘फितूर’शी त्याचं नातं नाही, तो अरबीतून आला, हा ‘फुटणे’वरून. कानाला मात्र दोघे शेजारी वाटतात.) शब्द वापरूच नये असं नाही. माद्रिदच्या, म्हणजे स्पेन सरकारच्या, मंत्र्याच्या तोंडी असेल तर ‘फुटीरतावादी’ अगदी योग्य. लेखकाच्या निवेदनात मात्र तो आला की लेखकाने बाजू घेतली.

राज्यशास्त्राच्या एक प्राध्यापक
बाजूचा प्रश्न आहेच, पण मला त्याहून मोठी अडचण दिसते. ‘फुटीर’ म्हटलं की चळवळीचं कारण माणसांच्या वृत्तीत शोधलं जातं. प्रत्यक्षात बहुतेक चळवळींची सुरुवात स्वायत्ततेच्या मागणीने होते आणि दिलेला शब्द मोडला की तीच मागणी ‘बाहेर पडू’पर्यंत जाते. कॅटालोनियात हे अगदी जवळून पाहता येतं. १९७८च्या स्पॅनिश राज्यघटनेच्या दुसऱ्या कलमात एकाच वाक्यात देशाची अभंग एकता आहे आणि ‘राष्ट्रीयत्वे व प्रदेश’ यांचा स्वायत्ततेचा हक्कही आहे. २००६ मध्ये नवा स्वायत्तता कायदा झाला. तो कॅटालन विधिमंडळाने, स्पेनच्या संसदेने आणि सार्वमताने असा तीन पायऱ्यांवर मंजूर झाला होता. २८ जून २०१० रोजी घटनात्मक न्यायालयाने त्यातली १४ कलमे पूर्ण किंवा अंशतः रद्द केली आणि प्रस्तावनेतल्या ‘राष्ट्र’ या शब्दाला कायदेशीर परिणाम नाही असं ठरवलं. १० जुलैला बार्सिलोनात प्रचंड मोर्चा निघाला. घोषणा होती: ‘आम्ही राष्ट्र आहोत, निर्णय आम्ही घेणार’. त्यात पैशाचा वाद मिसळला. स्पेनमधलाच बास्क प्रदेश आपले कर स्वतः गोळा करून ठरलेला वाटा माद्रिदला देतो. कॅटालोनियाने तशीच करव्यवस्था मागितली आणि सप्टेंबर २०१२ मध्ये पंतप्रधान राहॉय यांनी ती नाकारली. २०१५च्या निवडणुकीत स्वातंत्र्यवादी पक्षांना ४७.८ टक्के मते आणि १३५ पैकी ७२ जागा मिळाल्या. म्हणजे सभागृहात बहुमत, मतांमध्ये नाही. १ ऑक्टोबर २०१७चं स्वातंत्र्याच्या प्रश्नावरचं मतदान आणि त्यानंतर लागू झालेलं, कॅटालोनियाचा कारभार केंद्राच्या हाती देणारं घटनेचं कलम १५५ या पेचातून आलं.

तेव्हा भाषांतरात २०१०पूर्वीच्या मुख्य प्रवाहाला ‘स्वायत्ततावादी’ म्हणा आणि २०१२ नंतरच्याला ‘स्वातंत्र्यवादी’. दोघांना एकच शब्द लावला तर लेखातला कार्यकारणभावच नाहीसा होईल.

प्रश्नकर्ता
हे पटलं. मग क्वीबेकलाही ‘स्वातंत्र्यवादी’च का?

त्याच प्राध्यापक
तिथे मूळ शब्द जपा. चळवळीतले बरेच लोक स्वतःला ‘सुव्हरेनिस्त’ म्हणवत आणि विरोधक त्यांना ‘सेपरातिस्त’ म्हणत. मराठीत ‘सार्वभौमतावादी’ आणि ‘फुटीरतावादी’ ही जोडी बरोबर बसते. ३० ऑक्टोबर १९९५च्या सार्वमताच्या प्रश्नातही ‘सार्वभौम’ शब्द होता, आणि तोही कॅनडाला आर्थिक-राजकीय भागीदारीचा औपचारिक प्रस्ताव दिल्यानंतर सार्वभौम व्हावे का, असा. ५०.५८ टक्के ‘नाही’, ४९.४२ टक्के ‘होय’. लोकांनी नेमकं कशाला मत दिलं यावर वाद पेटला. १९९८ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की एकतर्फी बाहेर पडता येणार नाही. पण स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत आलं तर उरलेल्या कॅनडाला वाटाघाटी कराव्या लागतील. हे दोन्ही ‘स्पष्ट’ भाषांतरात टिकलेच पाहिजेत. ‘पुरेसे बहुमत’ लिहिलंत तर निकालाचा अर्थ बदलतो.

प्रश्नाची शब्दरचना किती नाजूक असते याचा नमुना म्हणून स्कॉटलंड पाहा. स्कॉटिश सरकारचा मसुदा होता: ‘स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा याला तुम्ही सहमत आहात का?’ ‘सहमत’ म्हटलं की माणूस ‘होय’कडे झुकतो, म्हणून ब्रिटनच्या निवडणूक आयोगाने तो शब्द काढायला सांगितला. १८ सप्टेंबर २०१४ला विचारलं गेलं ते इतकंच: ‘स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का?’ मराठी लेखांत ‘सहमत आहात का’ परत घुसलेलं दिसतं. तपासून घ्या.

कायद्याचे एक अभ्यासक
‘स्वतंत्र’ शब्दावर मराठी वाचकासाठी एक खुलासा लागेल. ‘स्वतंत्र विदर्भ’ आणि ‘स्वतंत्र स्कॉटलंड’ यांत विशेषण एक, मागणी सर्वस्वी वेगळी. विदर्भाची मागणी घटनेच्या तिसऱ्या कलमातली आहे: राष्ट्रपतींच्या शिफारशीने विधेयक, संबंधित विधानसभेचं मत मागवायचं, पण ते बंधनकारक नाही, मग संसदेत साधं बहुमत. २०१४ मध्ये आंध्रच्या विधानसभेने विधेयक फेटाळूनही तेलंगणा झालाच. संघातून बाहेर पडण्याची तरतूद मात्र आपल्या घटनेत नाही. ‘राज्यांचा संघ’ ही शब्दयोजना त्यासाठीच केल्याचं आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ला घटनासमितीत सांगितलं होतं. १९६३च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने उमेदवारांच्या शपथेत देशाची एकात्मता आली आणि द्रमुकने द्रविडनाडूची, म्हणजे वेगळ्या द्रविड देशाची, मागणी सोडली. म्हणून विदर्भासाठी ‘वेगळा’ लिहावं आणि ‘स्वतंत्र’ देशासाठी राखावा.

कारणांबद्दल लिहिताना ‘अनुशेष’ हा आपला शब्द कामाला येतो, पण सगळीकडे नाही. मागास राहिलेल्या प्रदेशाच्या तक्रारीला तो चपखल आहे. कॅटालोनिया तर सधन. तिथली तक्रार ‘देतो जास्त, मिळतं कमी’ अशी. तिथे ‘अनुशेष’ लिहिणं चूक.

गोव्याहून एक वाचक
‘जनमत चाचणी’ म्हणजे निवडणुकीआधी वर्तमानपत्रं घेतात ती. मतपेटीतून होतं ते सार्वमत. आमच्याकडे १६ जानेवारी १९६७ला झालं त्याला ‘जनमत कौल’ म्हणतात. त्यात महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं एवढाच प्रश्न होता. विलीनीकरणाविरुद्धची मते ३४,०२१ने जास्त पडली. देश सोडण्याचा पर्याय तिथे नव्हताच. त्यामुळे या लेखात तुलनेसाठी आणलं तर हा फरक लिहा.

भाषांतरकार
टक्केवारीजवळही थांबा. ‘४० टक्के मते’ हे मराठीत दोन तऱ्हांनी वाचलं जातं. १ मार्च १९७९ला स्कॉटलंडच्या विधिमंडळासाठी सार्वमत झालं, तेव्हा झालेल्या मतदानापैकी ५१.६ टक्के ‘होय’ होतं. अट मात्र एकूण नोंदणीकृत मतदारांच्या ४० टक्क्यांची होती आणि त्या हिशेबाने ‘होय’ भरलं ३२.९ टक्के. प्रस्ताव बारगळला. ‘झालेल्या मतदानापैकी’ आणि ‘एकूण मतदारांपैकी’ हे शब्द प्रत्येक आकड्याआधी घाला, जागा गेली तरी चालेल.