पैसा खेळाडूंच्या हाती आला म्हणून कॉलेजचे बास्केटबॉल बिघडले काय?

जर्सीकर

गेल्या आठवड्यात शिकागोकर यांनी येथे जे लिहिले, त्याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, अमेरिकेत कॉलेजचे बास्केटबॉल खेळाडू पूर्वी आपल्या विद्यापीठाच्या नावासाठी खेळत आणि आता ते बोली लावून विकले जातात; एनबीए ही व्यावसायिक खेळाडूंची लीग तर पहिल्यापासून बाजारच होती, आणि तेथे आता लांबून चेंडू फेकण्यापलीकडे काही उरलेले नाही; तेव्हा दोन्हीकडे पाठ फिरवावी हे बरे. एक-दोन ओळी लिहून मी थांबणार होतो, पण ‘विकले जातात’ हे शब्द मनातून जाईनात.

या खेळात पैसा २०२१ साली, खेळाडूंना मोबदल्याची मुभा मिळाली तेव्हा आला, हे गृहीतकच चुकीचे आहे. कॉलेज संघांच्या मार्चमधील राष्ट्रीय स्पर्धेच्या प्रक्षेपणासाठी सीबीएस आणि टर्नर या दूरचित्रवाणी कंपन्यांनी २०१० साली १४ वर्षांचा १०.८ अब्ज डॉलरचा करार केला आणि २०१६ मध्ये त्याला आणखी ८ वर्षांची व ८.८ अब्जांची जोड दिली. नामवंत प्रशिक्षकांना वर्षाकाठी लक्षावधी डॉलर मिळत होते, बुटांच्या कंपन्या विद्यापीठांशी करार करत होत्या, आणि ज्यांच्या घामावर हे सारे उभे होते त्या मुलांनी स्वतःची स्वाक्षरी विकली तरी तो नियमभंग ठरत असे. शबाझ नेपियरने २०१४ साली कनेक्टिकट विद्यापीठाला विजेतेपद मिळवून दिले, आणि त्याच दिवसांत त्याने सांगितले की काही रात्री आपण उपाशी झोपतो. कॉलेजच्या खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने खेळाडूंच्या जेवणावरील मर्यादा उठवली ती त्यानंतर. एड ओ’बॅनन १९९५ च्या विजेत्या यूसीएलए या विद्यापीठाच्या संघातला. व्हिडिओ गेममध्ये स्वतःचीच प्रतिमा पाहून, आणि त्याचा एक डॉलरही आपल्याला मिळत नाही हे कळून, तो २००९ मध्ये न्यायालयात गेला. शेवटी जून २०२१ मध्ये ऑल्स्टन या माजी खेळाडूच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायाधीशांनी एनसीएएविरुद्ध निकाल दिला, आणि १ जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावाचा मोबदला घेण्याची मुभा मिळाली. याला विक्री म्हणायचे असेल, तर त्याआधीच्या व्यवस्थेला वेठबिगारी म्हणावे लागेल.

मी न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीत राहतो. जर्नल स्क्वेअरच्या आपल्या भारतीय दुकानांपासून सेंट पीटर्स विद्यापीठ चालत जाण्याइतके जवळ आहे. मार्च २०२२ मध्ये या लहानशा विद्यापीठाच्या ‘मोरांनी’ (हे त्या संघाचे टोपणनाव) गटातल्या सोळा संघांत पंधरावे मानांकन असताना बलाढ्य केंटकीला जादा वेळेत ८५-७९ असे हरवले, मग मरे स्टेटला, मग पर्ड्यूला ६७-६४ असे. पंधराव्या मानांकनाचा संघ शेवटच्या आठांत त्यापूर्वी कधीही पोहोचला नव्हता. ज्या वाणसामानाच्या दुकानदाराने आयुष्यात क्रिकेटखेरीज काही पाहिले नव्हते, त्याने त्या आठवड्यात गल्ल्याच्या मागे टीव्ही आणून ठेवला होता. खेळाडूंना पैसे मिळू लागल्याला तेव्हा नऊ महिने होत आले होते, आणि खेळ मेला नव्हता.

शिकागोकर

माझ्या लेखनाचा विपर्यास केल्याबद्दल मी तीव्र नापसंती नोंदवतो. खेळाडूंनी उपाशी झोपावे असे मी कोठेही म्हटलेले नाही. माझी तक्रार सातत्य नाहीसे झाल्याची आहे, आणि तिला आपण स्पर्शही केलेला नाही.

मी १९९५ ते १९९७ अशी दोन वर्षे कॅन्सस विद्यापीठात शिकत होतो. ज्या डॉ. नेस्मिथ यांनी १८९१ साली स्प्रिंगफील्डमध्ये हा खेळ शोधला, तेच या विद्यापीठाचे पहिले प्रशिक्षक. अ‍ॅलन फील्डहाउस या विद्यापीठाच्या क्रीडागृहात चांगली जागा मिळावी म्हणून आम्ही पाळीपाळीने मुक्काम ठोकून रांग धरत असू. त्या संघातील जॅक वॉन, स्कॉट पोलार्ड आणि जेरोड हाझ यांचे १९९६-९७ हे शेवटचे वर्ष होते. गावाने त्यांना वर्षानुवर्षे वाढताना, चुकताना आणि सुधारताना पाहिले होते. १९९७ मध्ये ३४ विजय आणि केवळ एक पराभव अशा स्थितीत आम्ही राष्ट्रीय स्पर्धेत अ‍ॅरिझोनाकडून ८५-८२ असे हरलो. त्या रात्री आमच्या खोलीत कोणी जेवले नाही. मी भारतातून आलेला, या देशात ना गाव ना नाते. त्या मुलांनी मला गाव दिले. आज त्याच संघाचा नोव्हेंबरमधला पहिला सामना लावला की मला पाठीवरची नावे वाचून खेळाडू ओळखावे लागतात, आणि ओळख होते न होते तोच मार्च संपतो व ते दुसऱ्या विद्यापीठाच्या गणवेशात दिसतात.

आपले मोर तर माझीच बाजू मांडतात. त्या संघातले प्रमुख खेळाडू पुढच्या हंगामात कोठे होते? २०२५ च्या स्पर्धेत शेवटचे सोळाच्या सोळा संघ चारच बलाढ्य परिषदांतले (विद्यापीठांच्या गटांतले) होते, आणि अंतिम चारांत चारही अग्रमानांकित. लहान विद्यापीठे आता मोठ्यांसाठी रोपवाटिका झाली आहेत.

जर्सीकर

सेंट पीटर्सचे खेळाडू गेले, हे खरे. पण सर्वांत आधी प्रशिक्षक शाहीन हॉलोवे गेले, शेवटचा सामना संपल्यावर अवघ्या काही दिवसांत, सीटन हॉलला. ते त्यांचे स्वतःचे जुने विद्यापीठ, म्हणून सर्वांनी त्यांचे अभिनंदन केले आणि मीही केले. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाने बढती घेतली की ती कर्तबगारी, आणि वीस वर्षांच्या मुलाने घेतली की बेइमानी, हा न्याय मला समजावून सांगा.

मुक्ता

कॉलेजच्या निष्ठेवर इतका खल चालला आहे, पण ज्या एनबीएमध्ये खेळाडूला रीतसर वेतन मिळते तेथे तो मैदानात तरी उतरतो का, हे कोणी विचारील काय?

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. तिच्या वाढदिवसासाठी आम्ही चार महिने आधी तीन तिकिटे काढली. त्या रकमेत भारतात एका माणसाचे जाणे-येणे झाले असते. तिच्या आवडत्या खेळाडूचा संघ वर्षातून क्वचितच आमच्या शहरात येतो. सामन्याआधी दीड तास जाहीर झाले की त्याला विश्रांती देण्यात आली आहे. दुखापत नव्हती, आजार नव्हता. तो साध्या कपड्यांत बाकावर बसून हसत होता, आणि मुलगी त्याच्या नावाचा गणवेश घालून तिसऱ्या मजल्यावर बसली होती. मध्यंतरात ती म्हणाली, “आई, त्याला माहीत नव्हते का आपण येणार आहोत ते?” या प्रश्नाचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

विद्याधर

मुक्ताताई, मुलीविषयी मला मनापासून वाईट वाटते, परंतु मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि दुसरी बाजू मांडणे माझे कर्तव्य आहे.

एनबीएचे ८२ सामन्यांचे वेळापत्रक १९६७-६८ पासून चालत आले आहे, आणि खेळ मात्र मुळापासून बदलला आहे. तीन गुणांची रेषा (जिच्या बाहेरून केलेल्या बास्केटला दोनऐवजी तीन गुण मिळतात) १९७९-८० मध्ये आली तेव्हा एक संघ सामन्याला सरासरी २.८ वेळा तेथून प्रयत्न करत असे. २०२४-२५ मध्ये हा आकडा ३७ च्या वर गेला. शिकागोकरांना यात केवळ लांबून चेंडू फेकणे दिसते. मला त्यात बचाव करणाऱ्याचे पाय दिसतात. पूर्वी बास्केटजवळ उभे राहून जे रक्षण होत असे, त्यासाठी आता प्रत्येक चालीत रेषेपर्यंत धावत जाऊन एकदम थांबायचे, वळायचे आणि पुन्हा झेपावायचे असते. पोटरी आणि टाच यांवर येणारा हा ताण टीव्हीवर दिसत नाही. २०२५ च्या एकाच प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, लिलार्ड, टेटम आणि हॅलिबर्टन अशा तिघा नामवंत खेळाडूंचे टाचेमागचे अकिलीस स्नायुबंध तुटले. हॅलिबर्टनची पोटरी आधीच दुखावलेली होती, तरी तो अंतिम फेरीचा सातवा सामना खेळला आणि पहिल्याच पर्वात कोसळला. विश्रांतीची चेष्टा करणाऱ्यांनी ते दृश्य पुन्हा पाहावे.

मुक्ता

चेष्टा मी केलेली नाही. आपण माझे लेखन न वाचता उत्तर दिले आहे. शरीराला विश्रांती हवी असेल तर सामने कमी करा. तिकीट मात्र पूर्ण दराने विकायचे, जाहिरातीत त्याच खेळाडूचे छायाचित्र लावायचे, आणि तो खेळणार नाही हे गाडी उभी करण्याचे पैसे भरून झाल्यावर सांगायचे, याला वैद्यकशास्त्राचे कोणते नाव आहे? नोव्हेंबर २०१२ मध्ये सॅन अँटोनियोच्या संघाने डंकन, पार्कर, जिनोबिली आणि ग्रीन या आपल्या खेळाडूंना मायामीतील सामन्याआधी घरी पाठवले, तेव्हा लीगने अडीच लाख डॉलर दंड केला होता. तिकीट काढलेल्या प्रेक्षकाला त्यातून काय मिळाले?

विद्याधर

माझ्यावर न वाचल्याचा आरोप करण्याआधी थोडा संयम बाळगावा ही विनंती. सामने कमी करावेत हेच माझेही मत आहे. ते होत नाहीत, कारण प्रत्येक सामना म्हणजे तिकिटे आणि प्रक्षेपण. २०२५-२६ पासूनचा नवा करार ११ वर्षांचा आणि सुमारे ७६ अब्ज डॉलरचा आहे, आणि मालक वा खेळाडू कोणीही त्यातला वाटा सोडणार नाही. २०२३-२४ पासून मोठ्या पुरस्कारांसाठी किमान ६५ सामन्यांची अट घातली गेली, त्याचा परिणाम असा की मुले अर्धवट बऱ्या झालेल्या दुखापती घेऊन उतरतात. आपला राग रास्त आहे, एवढे मी मान्य करतो. तो खेळाडूवर काढणे मान्य करत नाही.

शिकागोकर

म्हणूनच मी कॉलेजचा खेळ श्रेष्ठ म्हणतो. ४० मिनिटांचा सामना, हंगामात तीसपस्तीस सामने, आणि त्यातला एकही कोणी विश्रांतीसाठी सोडत नाही. तीन गुणांच्या बाबतीत विद्याधर यांनी दाखवलेली बाजू मी विचारात घेतली नव्हती, हे नोंदवतो. पण २०२४-२५ च्या बॉस्टन संघाने दोन गुणांपेक्षा तीन गुणांचेच प्रयत्न अधिक केले, आणि तो खेळ पाहताना मला आनंद झाला नाही. बचावपटूचे पाय थकतात म्हणून माझा आनंद वाढत नाही.

दादरकर

मी मुंबईहून लिहितो आहे. आपण सर्व तेथे राहता आणि तिकीट काढून सामना पाहता. आम्ही पहाटे उठून पाहतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये सॅक्रमेंटो आणि इंडियाना हे एनबीएचे संघ वरळीला येऊन दोन सामने खेळले, त्यांपैकी दुसरा मी प्रत्यक्ष पाहिला. सॅक्रमेंटोचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मुंबईतच जन्मलेले. माझ्यासोबत नागपाड्याच्या बच्चूखान मैदानावर खेळणारी चार मुले होती आणि परतताना कोणीही एक शब्द बोलले नाही.

शिकागोकर गणवेशासाठी खेळण्याविषयी लिहितात. मी तसा खेळलो आहे. आंतरविद्यापीठ स्पर्धेला आम्ही आरक्षणाविना रेल्वेने गेलो, शाळेच्या वर्गात सतरंज्यांवर झोपलो, आणि तिसऱ्या सामन्यात माझ्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. विद्यापीठाने प्रमाणपत्र दिले. शस्त्रक्रियेचे पैसे वडिलांनी भविष्य निर्वाह निधीतून काढले, आणि त्यानंतर त्यांनी त्या विषयावर एकदाही मला काही ऐकवले नाही, हे मला आजही जड जाते. निष्ठा माझ्यात काठोकाठ होती. परंतु ती एकतर्फी होती, हे मला इस्पितळात कळले. त्यामुळे तेथला एखादा मुलगा जास्त पैसे देणाऱ्या विद्यापीठात गेला असे वाचले की मला त्याचा राग येत नाही. त्याच्या वडिलांना काय वाटले असेल, एवढेच मनात येते.

शिकागोकर

दादरकर, आपला अनुभव वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. मोबदला मिळायला हवा, हे मी मान्य करतो, आणि जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे आपल्या खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात (२०२५-२६ साठी ही मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती), त्याला माझा यापुढे विरोध नाही. ‘विकले जातात’ हे शब्द मी मागे घेतो. मात्र २०२४ पासून दरवर्षी संघ बदलण्याची जी मोकळीक मिळाली आहे ती मला मान्य नाही आणि होणार नाही. वेतन द्या, पण दोन वर्षांचा करार करा.

जर्सीकर

प्रशिक्षकालाही तीच दोन वर्षे लागू करणार असाल, आणि त्या काळात दुखापत झाली तर उपचार व शिष्यवृत्ती दोन्ही विद्यापीठाकडे राहणार असतील, तर माझी संमती आहे. सेंट पीटर्सला अशा करारातून किमान एक हंगाम अधिक मिळाला असता, हे मला मान्य करावे लागते. सेंट पीटर्सच्या सभागृहात पुढच्या नोव्हेंबरला मी गेलो होतो, आणि ज्यांच्यासाठी आमच्या दुकानदाराने टीव्ही आणला होता त्यांपैकी बहुतेक चेहरे तेथे नव्हते.

शिकागोकर

प्रशिक्षकाला लागू करण्याची अट मान्य.

मुक्ता

आम्ही यंदा मुलीला विद्यापीठाच्या महिला संघाच्या सामन्याला नेले. २०२४ चा महिला कॉलेज संघांचा अंतिम सामना पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा अधिक लोकांनी पाहिला, तेव्हापासून ती मागे लागली होती. तिकीट एनबीएच्या तिकिटाच्या मानाने फारच स्वस्त होते, आम्ही चौथ्या रांगेत बसलो, आणि तिने ज्यांची नावे पाठ केली होती त्या पाचही जणी खेळल्या. त्यांतल्या दोघी मागच्या वर्षी दुसऱ्या विद्यापीठात होत्या. सामन्यानंतर त्यांतल्याच एकीने तिच्या चेंडूवर स्वाक्षरी केली.